पंख्याच्या तोंडाशी

"अहवालावर सही करा आणि विषय मिटवा," मुख्य अभियंते म्हणाले. "चालकाने हवेची झडप बंद केली, पंख्यावर ताण आला, पातं तुटलं. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"मी सही करणार नाही," ती म्हणाली.

बाकीच्यांनी एकदम आपापल्या चहाच्या कपात डोकी घातली.

भट्टीला हवा पुरवणाऱ्या पंख्याचं पातं फिरता फिरता तुटलं होतं आणि कवच फोडून बाहेर आलं होतं. पंखा चालवणाऱ्याचा पाय मोडला. तो इस्पितळात पडून होता आणि दोष त्याच्याच माथी मारायचं जवळजवळ ठरलं होतं. पंखा याच कारखान्यात बनलेला. पंख्यातून हवा कशी वाहते याचं गणित संगणकावर मांडणं, हे तिचं काम.

"आधी मला मॉडेल चालवू द्या. पंखा काय सांगतो ते ऐकू, मग चालकाला बोल लावू."

"तुमच्या जन्माआधीपासून मी पंखे करतोय, बाई. मला विचारल्याशिवाय ते काही सांगत नाहीत."

कोणीतरी खुदकन हसलं. ती हसली नाही.

"मग यावेळी मी विचारते," ती म्हणाली आणि उठली.

बाहेर आल्यावर आराखडे काढणारी मैत्रीण कुजबुजली, "साहेबांच्या तोंडाला लागायची हिंमत इथे फक्त तुझीच बाई. आम्ही लागलो असतो तर आज घरी बसलो असतो."

"घरी बसायला मला तरी कुठे आवडतं," ती म्हणाली.

इस्पितळात चालकाने तिला ओळखलं आणि मान फिरवली.

"काका, झडप बंद केली होती?"

"थोडी लोटली होती. रोज लोटतो तेवढीच. पण मी सांगून काय होणार? तुम्ही सगळे एका घरचे. लिहायचं ते लिहाल."

"खोटं नाही लिहिणार."

"बघू," तो छताकडे बघत म्हणाला.

तिने संगणकात पंखा उभा केला. चाक, पाती, कवच. आधी सगळे म्हणत होते तसं, झडप मिटून चालवून पाहिला. पंखा नुसता घुमत राहिला. पात्यांवर म्हणावा तसा भारच येईना. मग तिने कोणी न सांगितलेलं काम केलं. पंख्याच्या तोंडाशी येणारा पाइप भट्टीवर जसा होता तसाच काढला. जागा वाचावी म्हणून तिथे काटकोनात वळणारा कोपर बसवला होता, अगदी तोंडाला चिकटून.

गणित चाललं आणि चित्र उमटलं. कोपरात वळताना हवा एका बाजूला लोटली जात होती. प्रत्येक पातं फेरी मारताना एकीकडे मार खात होतं, दुसरीकडे रिकामं पडत होतं. पुन्हा मार, पुन्हा रिकामं. सर्वांत जास्त ताण दाखवणारा लाल डाग पात्याच्या मुळाशी होता, जिथे तडा गेला नेमका तिथेच. झडप उघडी ठेवा की मिटा, मार चुकत नव्हता.

ती चित्र घेऊन मुख्य अभियंत्यांकडे गेली.

"जाळी फार ढोबळ आहे. हवेचे तुकडे बारीक करा."

तिने केले.

"भोवऱ्यांचं समीकरण बदलून बघा."

तिने बदललं.

"चाचणीच्या आकड्यांशी जुळवा, मग बोला."

तिने जुळवलं. आलेखावर चाचणीची आणि मॉडेलची, दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"रंगीत चित्रं आहेत ही. हे पुढे जाणार नाही."

"जाईल."

"मी जाऊ देणार नाही म्हटलं तर?"

"तर तुम्हाला ओलांडून जाईन, साहेब."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "जाताना दार लावून घ्या," एवढंच म्हणाले.

संध्याकाळी घरी बाबा शर्टांना इस्त्री करत होते. आईचा नियम कडक होता, ऑफिस उंबऱ्याबाहेर. तरी ती दाराशी घुटमळली.

"बाबा, एखाद्याचं सगळं आयुष्य आपल्या एका कागदाने पुसलं जाणार असेल तर?"

बाबांनी कॉलर उलटी केली. "कागद खरा आहे?"

"हो."

"मग समोर कोण बसलंय ते बघायचं नाही." इस्त्री पुन्हा सरकू लागली. "जेवून घे. तोंड उतरलंय तुझं."

बैठकीला कारखान्याच्या मालकीणबाई स्वतः आल्या. मुख्य अभियंत्यांनी तिला उभं-आडवं घेतलं. एकेक प्रश्न असा, की घाम फुटावा. तिने एकही प्रश्न अंगावर राहू दिला नाही.

शेवटी मालकीणबाईंनी विचारलं, "हा कोपर इथे बसवायचं कोणी ठरवलं?"



"मुख्य अभियंत्यांनी," ती म्हणाली. "मी तेव्हा इथे नव्हते. पण निर्णय त्यांचाच."

साहेब उभे राहिले. "मला दिसल्या तेवढ्या फटी मी दाखवल्या. यांनी सगळ्या बुजवल्या. चालकाचा काही दोष नाही, चूक माझी. असा कोपर आणखी जिथे जिथे असेल ते पंखे आजच थांबवा. आणि माझ्या खुर्चीसाठी दुसरं माणूस शोधा."

ते कोणाकडेही न बघता बाहेर पडले.

ती खाली आली तेव्हा ते आवारात गाडीला टेकून उभे होते. तिला बघून त्यांनी किल्ली पुढे केली.

"तू चालव."

तिने किल्ली घेतली. आता मात्र तिचे डोळे भरून आले. "आईला काय सांगायचं?"

"तू काही सांगू नकोस," मुख्य अभियंते म्हणाले. "तुझ्या बाबांना कोणी हरवलं, हे तिला मलाच सांगायचंय."