पहारा

"मुलींच्या वसतिगृहाची दारं बसवायला उद्या तूच जा," मालक म्हणाला. सुताराने रंधा खाली ठेवला. "मी नाही जाणार." "अरे, सात वर्षं तुरुंगात काढलीस, फिटलं! चूक कुणाकडून होत नाही? देवसुद्धा माफ करतो." कारखान्यातल्या सगळ्यांनी कान टवकारले. आजवर त्यालाही 'चूक' हा शब्द पांघरुणासारखा उबदार वाटायचा. आज त्याने तो झटकला. "चूक मापात होते, मालक. मी शेजारच्या मुलीवर अत्याचार केला, तो गुन्हा. देवाने माफ केलं तरी माझ्या मनावर पहारा मलाच ठेवायचाय." "उद्यापासून येऊ नकोस!" "नाही येणार. पण तिथेही नाही जाणार." पॉलिशवाली मावशी उठली. लेकीची आई ती. वर्षभरात त्याच्याशी अवाक्षर बोलली नव्हती. "दुसरा सुतार पाठवा. हा इथेच राहील, माझ्या डोळ्यांसमोर." मग सुतारावरही कडाडली, "उद्याही कुणी असं काम दिलं, तर असाच ठणकावून नकार द्यायचा!"