ताईची पोस्ट

सोशल मीडियाच्या कंपनीत माझं काम लोकांच्या पोस्टी उडवायचं. दिवसाला हजार उडवायच्या, त्यामुळे वाचत बसायची चैन परवडत नाही.

दुपारी ताईचा व्हिडिओ कॉल आला. तिचे ओठ हलत होते, आवाज मात्र नव्हता.

"ताई, अशीच छान वाटतेस," मी म्हणालो.

ती हसली नाही. तिने एक कागद कॅमेऱ्यासमोर धरला: "कारखान्याच्या धुराबद्दलची माझी पोस्ट सकाळी कुणीतरी उडवली. तेव्हापासून वाचाच गेलीय."

मी यादी पाहिली. उडवणारा मीच होतो. माफी नंतर मागू म्हटलं आणि पोस्ट घाईघाईने परत चढवली.

ताईने सुटकेचा श्वास सोडला आणि तोंड उघडलं. आतून कुणा म्हाताऱ्याचा घोगरा आवाज आला.

"बाळा, आता माझीही चढव."