थोर्किलचा कोंबडा

"मेलं पुन्हा चौथ्यावरच अडलं!" मारेननं लॅपटॉपचं झाकण आपटलं. शेजारच्या एस्बेननं मानसुद्धा वर केली नाही.

डेन्मार्कमधल्या ऑल्बोरच्या त्या छोट्या कंपनीत हा तिचा अकरावा आठवडा. शुक्रवारी साहेब, म्हणजे थोर्किल, ठरवणार होता, नोकरी पक्की की नारळ. आणि हा अडणारा 'कोंबडा' नावाचा प्रोग्रामही थोर्किलनंच बनवलेला!

कंपनीचं फेरीबोटींच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर सहा कंटेनरांत, म्हणजे सुटे सुटे चालणाऱ्या सहा कप्प्यांत, वाटलेलं होतं. काम करायचं तर आधी ते सहाही आपल्या लॅपटॉपवर चालू करायला लागत. त्यासाठी स्क्रीनवरच्या काळ्या खिडकीत 'कोंबडा' एवढं टाइप करायचं, की सगळे आपोआप उठतात. उठतात म्हणे! मारेनचे तीन उठायचे आणि चौथा ढिम्म हलायचा नाही. मग ती चोरून एकेक कंटेनर हातानं उभा करायची आणि कसंबसं काम उरकायची.

ज्याचा कोंबडा आरवला, म्हणजे सहाही उठले, त्यानं केक आणायचा, थोर्किलनं त्याच्या टेबलावर छोटा लाल-पांढरा झेंडा लावायचा, अशी तिथली रीत. नऊ टेबलांवर नऊ झेंडे होते. मारेनच्या टेबलावर नव्हता, आणि थोर्किलच्याही. त्याला कशाला हवा? कोंबडा त्याचाच.

"एस्बेन, तुझा पहिल्याच दिवशी उठला ना? जरा दाखव की."

"माझा?" एस्बेननं स्क्रीन किंचित पलीकडे वळवली. "एका दमात! तू सूचना नीट वाच."

"पाठ झाल्यात मला!"

"मग पुन्हा वाच."

पलीकडच्या टेबलावरच्या बिर्गिटला विचारलं, तर तिला एकाएकी दातांच्या डॉक्टरकडे जायचं आठवलं.

मारेनचं डोकं भणभणलं. नऊ माणसांना जमतं आणि मलाच जमू नये? इतकी कशी मी बिनडोक? संडासात जाऊन ती चांगली पाच मिनिटं रडली. बाहेर येते तर समोर थोर्किल उभा.

"काय मग, उद्या केक ना?"

"हो," ती बोलून गेली, आणि तिनं जीभ चावली.

शुक्रवारी तिनं खोबऱ्याच्या थराचा केक आणला. टाळ्या झाल्या, थोर्किलनं झेंडा लावला. 'चालवून दाखव बघू' असं एकानंही म्हटलं नाही. सगळे बशीत बघून खात होते. मारेननं मात्र आपला तुकडा तसाच ठेवला.

"मारेन, लॅपटॉप घेऊन माझ्या खोलीत ये," थोर्किल म्हणाला.

संपलं सगळं! ती आत गेली. थोर्किलनं दार लावलं, कडी नीट बसली का तेही पाहिलं.

"थोर्किल, मला काही सांगायचंय..."

"आधी माझं ऐक." त्याचा आवाज एकदम खाली आला. "पाच वर्षांपूर्वी माझा जुना लॅपटॉप बिघडला, आणि नव्यावर कोंबडा एकदाही आरवला नाही. तेव्हापासून दहा केक खाल्ले मी, पण विचारायची लाज वाटली गं. हा चौथा कंटेनर तुम्ही सगळे उठवता तरी कसा?"