आखाजीची आगारी

लोणखेड्याचा लोटन विलायतेत तांबडी, कडक बिअर बनवायला शिकला, तेव्हा इकडे दारूबंदी होती. सुट्टीत घरी आल्यावर तो भाजलेले जव हातावर घेऊन वडिलांना, दगा पाटलांना, समजावू लागला, "आबा, मोड येल जव भुंजीसन बनाडतस ती. रंगबी भुंजेल जवनाच शे. एक डाव वास तं ली दखा."

"दारू करनारा मन्हा पोऱ्या नही," म्हणत आबांनी दार लावून घेतलं.

तो परत गेला आणि त्याच हिवाळ्यात तिकडे न्यूमोनियानं वारला. घरी त्याची पेटी आली. तिच्यात त्यानं बनवलेल्या बिअरची एक बाटली होती.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसाच्या आवडीचं निखाऱ्यांवर टाकतात; तीच आगारी. लोटनच्या आईनं, तापीबाईनं, पुरणपोळी टाकली आणि मग ती बाटली उघडली.

"पोऱ्याना हातनी शे," ती म्हणाली.

"ओत. दारूच शे ती, भडका उडी," म्हणत आबा मागे सरकले.

भडका उडाला नाही. निखारे चर्र करून विझले आणि अंगणभर भाजलेल्या धान्याचा, गुळासारखा गोड वास पसरला.



आबा ओल्या राखेवर वाकले आणि कितीतरी वेळ वास घेत राहिले.