टेलरचा उजवा हात

"परीक्षा कधी आहे गं तुझी?" टेलरने मुलीला विचारलं. रोज सकाळचा हा प्रश्न ठरलेला.

"पुढच्या महिन्यात, बाबा. दंड पुढे करा."

परीक्षा कधीच होऊन गेली होती. त्यानंतर तिने एका ट्रक ड्रायव्हरशी लग्न केलं, बापाने आकाशपाताळ एक केलं आणि "तू मला मेलीस" म्हणून दार लावून घेतलं. ते उघडलं ते त्याच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकल्यावर. शेजारणीचा फोन आला तशी ती धावत आली. पाहते तर बापाचा उजवा हात लुळा, आणि भांडण डोक्यातून साफ पुसलेलं. त्याच्या लेखी लेक अजून कॉलेजातच!

डॉक्टरांनी एक नवं पेप्टाइडचं इंजेक्शन सुचवलं. "मेंदूत नव्या पेशी उगवायला याची मदत होऊ शकते. हात सुधारेल, आठवणही. पण जे व्हायचं ते पहिल्या काही महिन्यांतच. रोज टोचा."

सुरुवातीला तिने इमानेइतबारे टोचलं. मग एका सकाळी तो कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आपलं काही वाजलं होतं का गं?"

"छे! काहीतरीच."

तेव्हापासून औषध बेसिनमध्ये जाऊ लागलं आणि बापाच्या दंडात नुसतं सलाईनचं पाणी. हात बरा व्हावा असं तिला फार वाटे. पण हाताबरोबर ते भांडणही परत येणार होतं. इतक्या वर्षांनी बाप तिला जवळ बसवून घेत होता, चहा गार होतोय म्हणून ओरडत होता. हे तिला सोडवेना. कॉलेजला जाते सांगून नवऱ्याच्या घरी परतताना मात्र स्वतःची लाज वाटायची.

महिने असेच गेले. एकदा ती आली तेव्हा तो कातरीशी झटत होता. बोटं कड्यात जाईनात. कातरी पडली, त्याने डाव्या हाताने उचलली, पुन्हा पडली. तिला भडभडून आलं. आठवू दे, हाकलू दे, काय व्हायचं ते होऊ दे! तिने सिरिंजमध्ये खरं औषध भरलं.

टेलरने दंड मागे घेतला.

"आज बेसिनमध्ये नाही ओतलंस?"

त्याने तिला हाताला धरून शेजारी बसवलं.

"सगळं आठवलंय म्हणालो असतो, तर तू उठून गेली असतीस," तो म्हणाला. मग डाव्या हाताने कातरी बाजूला सारली. "जावयाला एक कोट शिवायचा होता गं. पण हा हात काही आता चालायचा नाही."