सोडून जायचं झालं तर

हैदराबादेतल्या दिलसुखनगर आणि कुकटपल्लीचे दवाखाने एक होणार होते. सगळ्या रुग्णांच्या नोंदी कोणाच्या सॉफ्टवेअरमध्ये जाणार, ते यमुनाच्या सहीवर अडलं होतं. सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीचा सुधाकर तिचं आडनाव वाचताच मराठीत बोलू लागला, तिथेच तिला संशय आला.

“उद्या तुम्हाला सोडायचं झालं, तर आमच्या नोंदी बाहेर कशा काढायच्या? आत्ता काढून दाखवा.”

“क्या ताई, लग्नाच्या बैठकीतच घटस्फोटाचं विचारताय!”

“दाखवा.”

त्याने दोन-तीन बटणं दाबली आणि लॅपटॉप मिटला. “ते आमच्याच माणसांना जमतं. एक फोन करायचा, बस.”

“आणि तुम्हीच नसलात तर?”

“आम्ही कुठं जातोय, ताई?” तो हसला.

यमुनाने सही न करता कागद परत दिला. घरचं लाइटबिल, गॅस, बँक, सगळं बाबांच्या एकट्याच्या मोबाइलवर होतं. आई ‘मलाही शिकवा’ म्हणाली, की तेही असंच हसून म्हणायचे, “मी कुठं जातोय?”

परवा त्यांना जाऊन महिना झाला. आईने त्या मोबाइलला लग्नाची तारीख घालून पाहिली, यमुनाच्या जन्माची घालून पाहिली. तो उघडत नाही.