आठ घड

पाचवा घड चढला आणि दांडी सरळ झाली. एका पारड्यात खासदार साहेब, दुसऱ्यात पाच घड केळी. चिंचेच्या जाड फांदीला टांगलेला तो मोठा तराजू थोडा करकरला. निंबा मापाडी सवयीप्रमाणे एक पाऊल मागे सरकला, हात पाठीशी बांधले आणि दांडी थांबण्याची वाट पाहू लागला.

फैजपूरजवळच्या त्या गावात केळी तोलताना तो नेहमी असाच उभा राहायचा. दांडी डोलत असते तेवढा वेळ मापाड्याला हात नसतात, असं तो म्हणे. त्यामुळे त्याच्या मापावर व्यापारीही बोट ठेवत नसे आणि शेतकरीही.

त्याची मुलगी लिला चौथीत होती. आज शाळेतली सगळी मुलं पुढे सतरंजीवर बसवली होती, आणि लिला पहिल्या रांगेत. साहेबांना तोलणारा माणूस आपला बाप आहे, हे तिचं सकाळपासून सगळ्यांना सांगून झालं होतं. शेजारच्या हिलालला तर दोनदा. हिलालचं म्हणणं एवढंच की बसणार तर साहेबच आहेत, मग तोलणाऱ्याचं काय एवढं.

खाली जमिनीवर अजून तीन घड होते. साहेबांची ही केळीतुला फळविक्री संस्थेच्या चेअरमनने, भाईदासने भरवली होती. तो निंबाजवळ आला. तोंड खुर्च्यांवरच्या लोकांकडे, हसरं. आवाज मात्र खालचा.

“आठ घरचे आठ घड हायेत, निंबा. पाच चढले अन् तीन खाली राह्यले, तर ते तिघं मले गावात राहू देतील का?”

निंबा म्हणाला, साहेब अंगाने बारीक आहेत, भरले तेवढेच भरले, त्याला कोण काय करणार.

“तू करशीन,” भाईदास म्हणाला. “पुढच्या हंगामात काटा तुह्याच हाती राह्यला पाहिजे ना?”

निंबाने हात सोडले. तो साहेबांच्या पारड्यामागे जाऊन उभा राहिला. पारड्याच्या चारी बाजूंनी झेंडूच्या माळा सोडल्या होत्या. खुर्च्यांवर बसलेल्यांना माळा दिसत होत्या. सतरंजीवर बसलेल्या मुलांना माळांच्या खालून निंबाचे पाय दिसत होते.

सहावा घड चढला. निंबाचा उजवा पाय उचलला गेला आणि पारड्याच्या कडेवर आला.

हिलालने लिलाला कोपराने ढोसलं. ती हलली नाही. ती साहेबांकडे बघत होती. साहेबांना अजून कळलं नसेल, असं तिला वाटत होतं. कळलं की ते उठतील, सगळ्यांदेखत विचारतील की हा काय प्रकार आहे. मग भाईदासचं काही चालणार नाही. बापाला पाय काढता येईल.

सातवा घड चढला. निंबाने जोर वाढवला. त्याच्या पायाची बोटं साहेबांच्या धोतराच्या सोग्यावर आली.

साहेबांनी मान खाली घातली. त्यांनी तो पाय पाहिला. मागे वळून पायाचा माणूस पाहिला. मग सोगा ओढून मांडीखाली घेतला, जरासे पुढे सरकले, त्या पायाला नीट जागा करून दिली, आणि फोटोवाल्याकडे बघून हात जोडले.

आठवा घड चढला. दांडी सरळ राहिली.

आकडा मापाड्यानेच पुकारायचा असतो. घड सकाळीच तोलून ठेवलेले होते. निंबाने रोजच्या आवाजात पुकारलं, “एकशे बारा किलो.”

साहेबांच्या गळ्याखालची हाडं सदऱ्यातून दिसत होती. केळीचा घड नुसत्या नजरेने किलोवर सांगणारी माणसं समोर खुर्च्यांवर बसली होती. त्यांनीच सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या. गुरुजींनी हात केला, तशा मुलांनीही वाजवल्या.

साहेब बोलले. या मातीतल्या माणसांचा सरळपणा आपल्याला दिल्लीतही आठवतो, म्हणाले. हे आठही घड शाळेतल्या मुलांना दिल्याचं त्यांनी जाहीर केलं. मुलांनी आजच्या आज पोटभर खावेत, म्हणाले. केळी हिरवीगार होती. आठ दिवस तरी त्यांना कोणी दात लावू शकला नसता. हे गुरुजींना ठाऊक होतं, भाईदासला ठाऊक होतं, पहिलीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. पुन्हा टाळ्या झाल्या. साहेबांची गाडी गेली, आणि घड भाईदासच्या ट्रॅक्टरमध्ये चढून त्याच्या घराच्या दिशेने गेले.

गर्दी पांगली. निंबा तराजू सोडवायला मागे राहिला. त्याने लिलाला साखळी धरायला बोलावलं. ती आली नाही.

तेवढ्यात पोरं तराजूवर धावली. हिलाल मांडी घालून साहेबांच्या पारड्यात बसला. गळ्यात झेंडूची माळ, हात जोडलेले. बाकीच्यांनी समोरच्या पारड्यात घड म्हणून दगड टाकायला सुरुवात केली. दगड जास्त झाले आणि हिलाल वर जाऊ लागला. त्याने चेहरा हसराच ठेवला. शर्टाचं टोक ओढून मांडीखाली घेतलं, जरासा पुढे सरकला.

“लिले, पाय ठेव,” तो म्हणाला.

सगळी पोरं तिच्याकडे पाहू लागली. साखळीचा आकडा हातात धरून निंबाही पाहत होता.

लिला पारड्यापाशी गेली. तिने हिलालच्या गळ्यातली माळ काढली आणि आपल्या गळ्यात घातली.

“उतर,” ती म्हणाली. “आता मी साहेब. पाय तू ठेव.”